‘अक्करमाशी’ ते ‘सनातन’ : बडोद्यात लिंबाळे वाचनमंडळ चालवायचं तर

दलित साहित्यातले लेखक शरणकुमार लिंबाळे यांच्यावर व्याख्यान ठेवणं सोपं आहे. वक्ता बोलवायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, आभार मानायचे, दीड तासात खुर्च्या उचलायच्या. आलेल्या साठ जणांपैकी पुस्तक उघडणारे चार निघाले तर नशीब. दहा जणांचं वाचनमंडळ तीन महिने चालवणं अवघड आहे, पण त्यात पुस्तकं खरोखर वाचून होतात. बडोद्यात असं मंडळ चालवायचं असेल तर काय लागतं आणि कुठे अडतं, ते पुढे दिलं आहे.

लेखकाविषयी सुरुवातीला एवढं पुरतं. जन्म १ जून १९५६, सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर. दूरध्वनी खात्यात ऑपरेटरची नोकरी, नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात दीर्घ सेवा. ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली आलं, तेव्हा लेखकाचं वय तिशीच्या आत होतं. पुढे कविता, कथा, कादंबऱ्या. १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’. २००३ साली ‘हिंदू’ ही कादंबरी. २०१८ साली ‘सनातन’. ‘सनातन’ला २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला. के. के. बिर्ला फाउंडेशनचा हा पुरस्कार १९९१ पासून दिला जातो, रक्कम १५ लाख रुपये. मराठीत तो त्याआधी विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार या दोन नाटककारांना मिळाला होता. मराठी कादंबरीला तो ‘सनातन’मुळे पहिल्यांदा मिळाला. हा परिच्छेद एका कागदावर छापून पहिल्या दिवशी वाटून टाका. पुरस्कारांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

माणसं नऊ ते बारा हवीत. आठाच्या खाली गेलं की दोघं गैरहजर राहिली तरी बैठक मोडते, आणि बाराच्या वर गेलं की तिघंच बोलतात, बाकीचे ऐकतात. बैठका सहा, पंधरवड्याला एक, प्रत्येकी पावणेदोन तास. मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या, आठवड्यात काहीही ठेवू नका, १४ जानेवारीला बडोद्यातलं कुणी गच्चीवरून खाली उतरत नाही.

प्रती आणि लिपी

पहिलं अडतं ते इथेच. मराठी पुस्तकं इथल्या दुकानांत सहज मिळत नाहीत, म्हणून पहिल्या बैठकीच्या किमान तीन आठवडे आधी मागवा. दहा माणसांना ‘अक्करमाशी’च्या पाच प्रती पुरतात, दोघांत एक. पुस्तक लहान आहे, सलग बसलं तर दोन दिवसांत होतं, म्हणून जोडीतल्या पहिल्याला पाच दिवस आणि दुसऱ्याला पाच दिवस असा हिशोब ठेवा. पंधरवड्यातले उरलेले दिवस विसरभोळ्यांसाठी. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा मराठी विभाग आणि विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय ही दोन दारं आधी ठोठावा. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव वाचनालयं उभी केली, त्या शहरात पुस्तक विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचारणं हा साधा रिवाज असायला हवा.

संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढू नका. लेखक हयात आहेत, हक्क त्यांचे आहेत. चर्चेसाठी चार-सहा पानांचा उतारा वाटणं वेगळं.

दुसरी अडचण खास बडोद्याची. तिसऱ्या-चौथ्या पिढीतले अनेक बडोदेकर घरी मराठी बोलतात, पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले असतात. छापील मराठी ते वाचतात, मात्र संथ. त्यात सोलापूरकडची बोली आली की पानामागे पाच-सहा शब्द अडतात आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतं. अशांना सूर्यनारायण रणसुभे यांचा हिंदी अनुवाद किंवा संतोष भूमकर यांचा इंग्रजी अनुवाद (‘द आउटकास्ट’, २००३) जोडीला द्या. इंग्रजीला प्रस्तावना गणेश देवी यांची आहे. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आणि इथेच १९९६ साली ‘भाषा’ ही संस्था काढणारे तेच देवी. मात्र अनुवाद आधाराला ठेवा, बैठकीत मोठ्याने वाचायचं ते मराठीच. शब्दांची वही एकीकडे चालू ठेवा: येसकर, बलुतं, तराळ, गावकी, आणि जे जे अडेल ते. अर्थ शब्दकोशातून उतरवण्याआधी मंडळातल्या सोलापूर, लातूर, मराठवाड्याकडून आलेल्या माणसाला विचारा. सून म्हणून तिकडून आलेली कुणी ना कुणी असतेच, आणि एरवी गप्प बसणारी ती त्या दिवशी मंडळाची मास्तरीण होते.

पहिली बैठक कमाटीबागेत

हे मंडळ ‘अक्करमाशी’च्या पहिल्या पानापासून सुरू करू नका. तसं केलं की पंधराव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, “तिकडे खेड्यात असायचं हो असं, आपल्याकडे बडोद्यात महाराजांनी कधीच बंद केलं होतं.” हे वाक्य एकदा पडलं की उरलेल्या पाच बैठका अक्कलकोट तालुक्याची दया करण्यात जातात. त्याला उत्तर वादाने देता येत नाही, पण जागा दाखवून देता येतं.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षं, डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले. करार असा की परत येऊन बडोदा संस्थानाची नोकरी करायची. ते आले, नोकरीवर रुजू झाले, आणि त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव लावून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, रोजचे दीड रुपये देऊन. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर माणसं दारात आली. एका हिंदू मित्राकडे विचारावं तर घरचे नोकर निघून जातील ही अडचण. एका ख्रिस्ती मित्राकडे विचारावं तर बायकोला विचारून सांगतो. शेवटी मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींत आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाची ही छोटी पुस्तिका १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढली आणि महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’च्या १२व्या खंडातही ती आहे. हिचीही सगळी झेरॉक्स नको, चर्चेला लागणाऱ्या पानांचीच काढा. बडोद्याचं प्रकरण थोड्याच पानांचं आहे.

बैठक सयाजीबागेत (कमाटीबाग तीच), आंबेडकरांच्या संकल्पाचं स्मारक असलेल्या संकल्पभूमीजवळ, सकाळी साडेसातला. संध्याकाळी मुलांची आणि फेरीवाल्यांची गर्दी असते, ऐकू येत नाही. २३ सप्टेंबर आणि १४ एप्रिल या दिवशी तिथे मोठी रीघ लागते. दर्शनाला जरूर जा, वाचायला दुसरा दिवस धरा. खाली अंथरायला दोन सतरंज्या, कारण बाकं एकमेकांसमोर नसतात आणि एका ओळीत बसून चर्चा होत नाही.

मजकूर वाचून झाल्यावर एक काम द्या. या आठवणींतली सालं आणि चरित्रांतली सालं शेजारी शेजारी लिहायला सांगा. एखाद्या-दोन वर्षांचा फरक निघतो. आता विचारा: साल चुकलं म्हणून दीड रुपया, अकरावा दिवस आणि काठ्या खोट्या ठरतात का? आठवणीत आकडा कुठे सैल राहतो आणि कुठे पक्का रुततो, हे इथे हाताला लागतं. पुढच्या सगळ्या बैठकांना हेच लागणार आहे, कारण कादंबरी आणि आत्मकथन दोन्ही लिहिणाऱ्याच्या बाबतीत “हे खरं का?” हा प्रश्न सुटत नाही, फक्त शहाणा होतो.

दुसरी आणि तिसरी बैठक : ‘अक्करमाशी’

नावापासून सुरू करा, आणि नाव तराजूवर घाला. तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. बारा मासे भरले तर तोळा पुरा, अकरा भरले तर एक मासा खोट. औरस तो बारामाशी, अनौरस तो अक्करमाशी. माणसाच्या जन्माला सोनाराचं माप लावणारा हा शब्द आहे. मग मंडळाला पाच मिनिटं द्या आणि घरात ऐकलेले असे शब्द काढायला सांगा. बावन्नकशी, अस्सल, खानदानी हे लगेच येतात. थोडं थांबलात तर ‘लेकावळा’, म्हणजे दासीपोटी झालेलं मूल, हा शब्द येतो, कारण सरदार-मानकऱ्यांच्या वाड्यांतून आलेल्या घरांना तो शब्द चांगला माहीत असतो. तो आला की बैठक बसली असं समजा. न आल्यास तुम्ही सांगा.

अक्कलकोट म्हटलं की बडोद्यातल्या कित्येक घरांना स्वामींचा मठ आठवतो, वर्षाला एक फेरी ठरलेली असते. हन्नूर त्याच तालुक्यात आहे. नकाशा दाखवा, भाष्य करू नका.

मोठ्याने वाचण्याचा हिशोब: छापील पानाला सरासरी अडीच मिनिटं. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा जास्त वाचन झेपत नाही, म्हणजे आठ पानं. सोळा पानं वाचायचा मोह होतो आणि मग चर्चेला वेळ उरत नाही. दुसऱ्या बैठकीला शाळेच्या सहलीचा सुरुवातीचा भाग घ्या, जिथे वरच्या जातींच्या मुलांच्या उरलेल्या अन्नाचं गाठोडं महारवाड्यातल्या मुलांच्या वाट्याला येतं. त्याबरोबर आजी संतामाई शेणातले जोंधळे निवडून, धुऊन त्यांची भाकरी करते तो भाग. तिसऱ्या बैठकीला बापाच्या नावाचा प्रश्न: शाळेच्या दाखल्यावर कुणाचं नाव, सवलतीच्या कागदावर सही कोण करणार. आई मसामाई, तिला ठेवणारे पाटील, आणि आजीबरोबर राहणारा, नातवाला जीव लावणारा मुसलमान जमादार. या घरात जात, धर्म आणि बाप यांची सरकारी रकान्यांत बसेल अशी एकही ओळ नाही. म्हणून मुद्दाम एक कोरा शालेय प्रवेश अर्ज आणा आणि पुस्तकातल्या माहितीवरून भरायला सांगा. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबतं. यावर तासभराचं भाषण केलंत तरी इतकं समजत नाही.

वाचणारा एकच नको. पण बोलीची नक्कल करणाराही नको. आपल्याकडच्या नाटकवेड्यांना गावरान हेल काढायची हौस फार, आणि दुसऱ्याच वाक्याला कुणीतरी हसतं. साध्या आवाजात, विरामचिन्हं पाळून वाचलं की बोली आपोआप उभी राहते. पुस्तकात शिव्या आहेत, जातीचे उल्लेख आहेत. ते गाळू नका, आणि कानात बोटं घालणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मात्र चर्चेत, चहाच्या वेळी, चेष्टेत ते शब्द आले तर तिथल्या तिथे थांबवा.

दोन रकान्यांची वही प्रत्येकाकडे हवी. डावीकडे: लेखकाने स्वतः पाहिलं असं तो कुठे सांगतो. उजवीकडे: जे त्याने पाहिलेलं असू शकत नाही, जन्माआधीचं, दुसऱ्याच्या मनातलं, ऐकीव. साठ पानांत उजवा रकाना चांगलाच भरतो. तो भरला की आत्मकथन हेही रचलेलं असतं, निवडलेलं असतं, हे सांगावं लागत नाही. ‘रचलेलं’ म्हणजे ‘बनावट’ असा अर्थ लगेच काढला जातो, तेवढा मात्र खोडून काढा. सुताराने जोडलेली खुर्चीही रचलेलीच असते, तिच्यावर बसता येतं.

आणखी एक प्रश्न येतोच, बहुधा बायकांकडून, आणि तो चांगला आहे: आईची ही हकिगत जगाला सांगायचा मुलाला काय अधिकार? टाळू नका. पुस्तकात आई स्वतः कुठे बोलते, कुठे तिच्याविषयी बोललं जातं, कुठे मुलगा तिच्यावर चिडतो आणि कुठे तिच्या बाजूने उभा राहतो, ती पानं पेन्सिलीने खुणावून आणायला सांगा. उत्तर एकमताने निघत नाही, पण निदान ऐकीव मतावर भांडण होत नाही.

चौथी बैठक : गुजराती शेजार

मंडळ बडोद्यात आहे याचा फायदा इथे घ्या. जोसेफ मेकवान यांची ‘आंगळियात’ ही गुजराती कादंबरी १९८६ साली आली, १९८९ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चरोतरातल्या वणकरांची, म्हणजे विणकरांची, ही गोष्ट. बडोद्यापासून मही नदी ओलांडली की चरोतर. आंगळियात म्हणजे आईने दुसरं लग्न केल्यावर तिचं बोट धरून नव्या घरी आलेलं मूल. अक्करमाशीत वजन आहे, आंगळियातमध्ये बोट. दोन शेजारी भाषांनी, दोन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या लेखकांच्या हातून, मुलाच्या जन्मावर ठेवलेलं नाव पुस्तकाच्या कपाळावर लावलं. शब्द म्हणजे आरोप, आणि तोच शीर्षक म्हणून उलटवलेला. या बैठकीला सूत्रधार गुजरातीत शिकलेला बडोदेकर असू द्या. संथ मराठी वाचणारे तरुण इथे पुढे येतात. सगळी कादंबरी वाचून होणार नाही. गुजराती वाचणाऱ्या चौघांनी ती वाचावी आणि टीहो, वालजी, मेथी यांची गोष्ट बाकीच्यांना मराठीत सांगावी. इंग्रजी हवी असेल तर रीता कोठारी यांचा अनुवाद आहे.

पाचवी : कादंबऱ्या

‘हिंदू’ की ‘सनातन’? वेळ कमी असेल तर ‘हिंदू’. गावातल्या आंबेडकरी जलशाच्या कार्यकर्त्याचा खून आणि त्याभोवतीचं जातीचं राजकारण असा तिचा गाभा आहे, आणि ती आटोपशीर आहे. ‘सनातन’चा पैस मोठा: पिढ्या, गावकुसाबाहेरचं जिणं, धर्मांतर, फौजेतले महार, भीमा कोरेगाव. ती एका पंधरवड्यात सगळ्यांकडून वाचून होत नाही, हे आधीच मान्य करा. तीन गट करा, प्रत्येकाला एक तृतीयांश द्या, आणि प्रत्येक गटाने एका पानात तीन गोष्टी आणाव्यात: कोणाची पिढी चालू आहे, कोणतं साल किंवा ऐतिहासिक घटना दिसते, आणि गोष्ट सांगणारा आवाज कोणाचा आहे. हे तीन कागद भिंतीवर ओळीने चिकटवले की कादंबरीचा सांगाडा दिसतो.

इथे नेहमीची चूक म्हणजे पात्रात लेखक शोधणं. “हा म्हणजे लिंबाळेच.” ‘अक्करमाशी’ ताजी असल्यामुळे हे होतं. वहीचे रकाने आता उलटे लावा: आत्मकथनात एका मुलाला जे माहीत होऊच शकत नव्हतं, ते कादंबरीत कोण पाहतं? पाटलाच्या वाड्यातलं बोलणं, शंभर वर्षांपूर्वीची छावणी, मारणाऱ्याच्या मनातलं. आत्मकथनाचा ‘मी’ जिथे पोचत नाही तिथे जायला कादंबरी लागते. हे एकदा दिसलं की एकच माणूस दोन्ही प्रकार का लिहितो, हा प्रश्न निम्मा सुटतो.

‘सनातन’च्या नावावरून आणि आजच्या राजकारणावरून वाद पेटण्याची शक्यता मोठी. नियम एकच ठेवा: पानाचा आकडा सांगून बोलायचं. पुस्तक न वाचता आलेले पाहुणे या नियमाने आपोआप गप्प होतात.

सहावी : मोजपट्टी

शेवटी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’. सगळं पुस्तक नको, आनंद आणि सौंदर्य या कसोट्या या साहित्याला का लागू पडत नाहीत, ती मांडणी पुरे. लिंबाळे समता, स्वातंत्र्य, न्याय, बंधुता ही मूल्यं मोजमापाला घेतात. हे सुरुवातीला वाचायला दिलं तर लोक सिद्धांत पाठ करून कादंबऱ्यांवर चिकटवतात, म्हणून ते शेवटी. प्रत्येकाने दुसऱ्या बैठकीत काय वाटलं होतं ते वहीत शोधावं: “अंगावर आलं”, “भयंकर”, “छान लिहिलंय”. यातला ‘छान’ कुठल्या मापाचा, एवढ्यावर तास जातो. मंडळातल्या जुन्या वाचकांनी विरोधी बाजू जोरात मांडावी, मूल्य आहे म्हणून प्रत्येक पान चांगलं ठरतं का, हे विचारावं. लिंबाळे यांच्याही काही पानांत भाषण कथेच्या पुढे धावतं, आणि ते म्हणायला संकोच नको.

लेखकांना बोलवायची इच्छा असेल तर या सहा बैठकांनंतर, आणि प्रश्न लिहून आधी पाठवून. “तुमच्या डोळ्यांसमोर हे घडलं तेव्हा काय वाटलं?” हा प्रश्न यादीतून काढून टाका. त्याचं उत्तर त्यांनी १९८४ सालीच छापून दिलंय.

खाणं बैठकीनंतर. सेवउसळीची प्लेट मध्येच आली की भाकरीच्या पानावर चर्चा चालू असताना कुणाचं लक्ष कुठे जाईल सांगता येत नाही, आणि रश्शाचे डाग वाचनालयाच्या प्रतीवर पडतात ते वेगळेच. शब्दांच्या वहीची स्वच्छ नक्कल काढा, सोबत पानांचे आकडे द्या, आणि मंडळाने विकत घेतलेल्या पाच प्रतींतली एक, त्या वहीसकट, ज्या ग्रंथालयाने पुस्तकं दिली तिथे ठेवून या.